रडीचा डाव कसा ओळखावा

चॅम्पियन रडका आहे हे ठरवणं लोकांना वाटतं तेवढं सोपं काम नाहीये. त्याला बैठक लागते. शक्यतो मऊ बैठक, समोर टीव्ही, हातात मोबाईल, आणि आयुष्यात ताशी साठच्या वर गाडी नेली नसेल तर उत्तमच, कारण वेगाची थोडी जरी चव असली की माणूस उगाच समोरच्याची बाजू समजून घ्यायला लागतो आणि मग निकाल द्यायला उशीर होतो. बरीच वर्षं मोटोजीपी, म्हणजे मोटारसायकल रेसची वर्ल्ड चॅम्पियनशिप, बघून बघून, म्हणजे खरं तर बसून बसून, मला जे थोडंफार ज्ञान मिळालंय ते तुमच्याही उपयोगी पडावं म्हणून लिहितोय.

पहिलं काम म्हणजे शब्द पाठ करा. रायडर जिंकला आणि मग म्हणाला की पुढचं चाक जरा हलकं वाटत होतं, तर त्याला फीडबॅक म्हणायचं. तोच रायडर नववा आला आणि तेच वाक्य बोलला तर ते रडगाणं. वाक्य तेच, माणूस तोच, डेटाही तोच, आपण फक्त निकालाचा कागद बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. "नाचता येईना अंगण वाकडे" ही म्हण मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा, दर रविवारी लागते. फक्त ती टाकताना एवढं विसरायचं की या खेळात अंगण किती वाकडंय हे मोजायला टीमने पगारी माणसं ठेवलेली असतात, आणि बऱ्याचदा ते वाकडंच निघतं.

आता सरावाला पेक्को बन्याया घेऊ, सध्या याच्याइतकं सोपं गिऱ्हाईक नाही. २०२२ आणि २०२३ चा चॅम्पियन, २०२४ ला अकरा ग्रांप्री, म्हणजे रविवारच्या मोठ्या रेस, जिंकून सुद्धा दहा पॉइंटांनी टायटल हुकलं, आणि २०२५ ला डुकाटीच्या टीममध्ये दुसरा रायडर म्हणून शेजारी येऊन बसला मार्क मार्केज. तिथून सुरू झालं, पुढच्या चाकाचा फील येत नाही, ब्रेक मारला की विश्वास वाटत नाही, वळणात शिरताना बाईक काय करेल सांगता येत नाही. इकडे मार्केज त्याच डुकाटीवर अकरा ग्रांप्री आणि चौदा स्प्रिंट, म्हणजे शनिवारच्या छोट्या रेस, जिंकून गेला, पाच राउंड शिल्लक असताना चॅम्पियन, आणि पेक्को शेवटी पाचवा. संपला विषय! बाईक तीच, मग रडतोस कशाला? एवढं लिहा आणि फोन खाली ठेवा. पुढचा विचार करायचा नाही, पुढे धोका आहे.

धोका असा, की "फील" म्हणजे काय हे कोणीतरी समजावून सांगायला लागतं. हा माणूस तीनशेच्या वरून येतो, ब्रेक दाबतो, सगळं वजन पुढच्या टायरवर येतं, आणि ब्रेक अजून पूर्ण सोडलेला नसतानाच बाईक साठ अंशांच्या आसपास आडवी करतो, कोपर जमिनीला घासतंय अशी. या क्षणी टायर धरून आहे की सुटायला लागलाय हे त्याला मनगटातून आणि बुडातून कळतं, नाही कळलं तर पुढचं चाक दुमडतं आणि तो खडीत. सेन्सर सगळं सांगतात, पण बहुतेक वेळा पडल्यावर. पडायच्या आधी सांगणारा सेन्सर एकच, हेल्मेटमधला, आणि त्याला बोलायचा पगार मिळतो. पण हे सगळं ऐकत बसलात तर तुमचा मेसेज कधी जाणार?

त्यापेक्षा टाकीवर हसा. पेक्कोचं म्हणणं होतं की स्प्रिंटच्या छोट्या टाकीमुळे पण त्याला बाईक वेगळी वाटते. मोठ्या रेसला २२ लीटर, स्प्रिंटला १२. इथे मोठ्याने हसायचं, आपण काय रिझर्व्हला लागलेली गाडी चालवत नाही का, आपल्याला कधी फील गेला? दहा लीटर म्हणजे साधारण साडेसात किलो वजन, आणि ते ब्रेकिंगला नेमकं कुठे सरकतं यावर पुढच्या टायरचा दाब ठरतो, वगैरे वगैरे. त्याच सीझनला आरागॉनच्या सर्किटवर शनिवारी स्प्रिंटमध्ये हा बारावा, मग पुढच्या चाकाला मोठ्या, ३५५ मिलिमीटरच्या ब्रेक डिस्क लावल्या आणि रविवारी तिसरा. एका रात्रीत माणूस सुधारला म्हणायचं, डिस्कचं नाव काढायचं नाही.

अरे हो, टायरच्या हवेवरून आठवलं. पुढच्या टायरमध्ये किमान १.८ बार प्रेशर लागतं, रेसच्या साठ टक्के लॅप तरी, नाहीतर सोळा सेकंदांची पेनल्टी. २०२५ ला थायलंडच्या पहिल्याच रेसला मार्केज पुढे होता आणि प्रेशर खाली गेलं म्हणून त्याने स्वतःहून भावाला पुढे सोडलं, अॅलेक्सच्या मागे राहून टायर तापवून प्रेशर वाढवलं, आणि शेवटी परत ओव्हरटेक मारून जिंकला. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, काय डोकं आहे राव! तिसरा-चौथा असलेला कुणी रेस संपल्यावर म्हणाला असता की प्रेशरमुळे मला थांबून राहावं लागलं, तर काय झालं असतं तुम्हीच बघा.

बरं, "बाईक तीच" हा आपला हुकमाचा एक्का आहे, पण तो वापरताना इतिहासाची पानं चिकटलेली राहू द्या. २०१९ चं पान तर अजिबात उघडू नका. होंडाच्या एकाच गॅरेजमध्ये मार्केजचे ४२० पॉइंट आणि शेजारच्या होर्हे लोरेन्झोचे २८. लोरेन्झो म्हणजे मोटोजीपीचा तीनदा चॅम्पियन, २०१० ला, २०१२ ला आणि २०१५ ला, २०१५ ला तर मार्केज मैदानात असताना. दुखापतीही झाल्या त्याला त्या वर्षी, पण मोठा भाग हाच होता की ती होंडा एकाच माणसाच्या हाताला बसलेली. लोरेन्झो रडला, आपण हसलो, वर्ष संपायच्या आत त्याने रिटायरमेंट जाहीर केली. मग चार वर्षांनी, २०२३ ला, जर्मनीतलं झाक्सेनरिंग सर्किट. हे म्हणजे मार्केजचं घरचं अंगण, २०१० पासून २०२१ पर्यंत जितक्यांदा इथे उतरला तितक्यांदा जिंकला, अकरा वेळा. त्या वीकेंडला त्याच होंडावरून तो पाच वेळा पडला, चालत्या बाईकला मधलं बोट दाखवलं, अंगठा मोडून घेतला आणि रविवारी रेसला उतरलाच नाही. तेव्हा मात्र आपण रडका म्हणालो नाही. बिचारा, काय बाईक दिलीये त्याला, असं म्हणालो. मी पण म्हणालो, लपवत नाही.

व्हॅलेंटिनो रॉसी या दिग्गज रायडरच्या बाबतीत तर आपण दोन्ही बाजूंनी खेळलोय. २००४ ला होंडा सोडून यामाहावर आला आणि दक्षिण आफ्रिकेत वेल्कमला पहिलीच रेस मारली, तेव्हा ठरलं की बाईक वगैरे काही नसतं, माणूस असतो. त्याच माणसाने २००८ ला टायर बदलून मागितले, मिशेलिन नको, ब्रिजस्टोन द्या, आणि शेजारचा लोरेन्झो मिशेलिनवरच होता म्हणून गॅरेजच्या मधोमध भिंत घातली. पुढच्या वर्षी सगळ्यांचे टायर एकच झाले, भिंत राहिली ती राहिलीच. टायटल मिळालं २००८ ला आणि २००९ ला पण, त्यामुळे ते रडणं नव्हतं, ती मागणी होती. मग २०११ ला डुकाटीवर गेला आणि दोन वर्षं एकही रेस जिंकला नाही. केसी स्टोनरने २००७ ला त्याच कंपनीच्या बाईकवर टायटल घेतलेलं, त्यामुळे बाईकला बोलायची सोय नव्हती. २०११ ला हेरेझच्या रेसमध्ये रॉसीने स्टोनरला पाडलं आणि हेल्मेट न काढताच माफी मागायला गेला, तेव्हा स्टोनरने त्याची महत्त्वाकांक्षा त्याच्या टॅलेंटपेक्षा मोठी निघाली असं काहीतरी सुनावलं, ते आपल्याला तोंडपाठ आहे. २०१३ ला रॉसी यामाहावर परतला, त्याच वर्षी आसेनला जिंकला आणि २०१५ ला, छत्तीस वर्षांचा असताना, टायटल पाच पॉइंटांनी हुकलं. हे तोंडपाठ करायचं नाही.

आणि आता ती गोष्ट, जी मी खरं तर सांगणार नव्हतो कारण ती आपल्या धंद्याला फार वाईट आहे. पुन्हा लोरेन्झो, पण होंडाच्या आधीचा, २०१७-१८, लाल डुकाटीवर. पहिल्या वर्षी एकही विजय नाही. हा सांगतोय की ब्रेक मारताना अंगाला आधार मिळत नाही, सगळा भार हातांवर येतो, रेसच्या शेवटी हात संपतात. मागतोय काय, तर टाकीच्या आकारात थोडा बदल, मांड्या आणि पोट टेकवता येईल असा. नवीन इंजिन नाही, नवीन फ्रेम नाही. तीन वेळचा चॅम्पियन टाकीला उंचवटा मागतोय म्हटल्यावर काय काय विनोद झाले असतील, आपणच केले असतील. २०१८ च्या मुजेल्लोच्या रेसला तो तुकडा बसला आणि हा माणूस पुढे निघाला तो शेवटपर्यंत पुढेच. मग बार्सिलोना जिंकला, मग ऑस्ट्रिया. पण तोपर्यंत निर्णय होऊन गेलेला, मुजेल्लोनंतर काही दिवसांतच तो होंडाकडे जाणार अशी घोषणा झाली. म्हणजे बघा, तक्रार खरी निघाली, उपाय निघाला, माणूस जिंकायला लागला आणि नेमकी तेव्हाच त्याची पाठवणी. पुढे होंडावर त्याचं काय झालं ते वर आलंच आहे, अठ्ठावीस.

यातून मन हळवं होत असेल तर स्वतःची गाडी आठवू नका. माझी एकदा पुढून काहीतरी वेगळी वाटत होती, काय ते सांगता येईना, वळताना आत ओढल्यासारखी. मेकॅनिकने एक राउंड मारला, कोपऱ्यावरून परत आला, "मस्त चाललीये की, तुम्हालाच वाटतंय." दुसऱ्या आठवड्यात हॅण्डलची बेअरिंग गेलेली निघाली. चाळीसच्या वेगाला मला कळलं होतं, पण मी काही चॅम्पियन नाही, त्यामुळे मला रडका म्हणायला कोणी आलं नाही.

असो. शेवटचा सल्ला वेळेबद्दल, आणि हा मी पैसे भरून शिकलोय असं समजा. निकाल देण्याची घाई करू नका, दोन मेसेज तयार ठेवा, "संपला" आणि "राजा परत आला", आणि रेस संपल्याचा चेकर्ड फ्लॅग पडल्यावरच कुठला ते निवडा. २०२५ च्या मोतेगीच्या रेसआधी मी ग्रुपवर पेक्कोबद्दल भलामोठा मेसेज टाकला, रड बंद कर, मार्केजकडून शीक, वगैरे. त्या वीकेंडला त्याने पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, घेतली, स्प्रिंट मारली, रविवारची रेस मारली, तीही शेवटच्या लॅपमध्ये बाईकमधून धूर निघत असताना. मी लगेच "राजा परत आला" टाकला, मुकुटासकट. पुढच्याच शनिवारी मंडालिकाला तो स्प्रिंटमध्ये शेवटचा आला, रविवारी पडला. मी परत "संपला". मग सेपांगला पोल आणि स्प्रिंट त्याचीच, तेव्हा मी आधीच्या मेसेजला रिप्लाय म्हणून परत मुकुट पाठवला, आणि रविवारी पोडियमच्या जागेवर असताना टायर पंक्चर.

आता पंक्चरची तक्रार केली तर ती रडीत धरायची की नाही, यावर ग्रुपवर तेव्हापासून वाद चालू आहे. माझे चारही मेसेज वर पिन केलेत कोणीतरी, आणि डिलीट फॉर एव्हरीवनची वेळ केव्हाच निघून गेलीये.