टिग वेल्डिंगने ॲल्युमिनियम थेट स्टीलला? हा सेटिंगचा प्रश्न नाही

‘करंट नीट लावा, ४०४३ फिलर (सांध्यात वितळवायची ॲल्युमिनियमची तार) घ्या, ॲल्युमिनियम थेट स्टीलला वेल्ड होतं’ असं सांगणारी टिगची (टंगस्टन इलेक्ट्रोडच्या विद्युत आर्कने होणाऱ्या वेल्डिंगची) क्लिप सध्या भरपूर फिरतेय. त्यातले दावे एकेक करून बघू.

‘अडचण फक्त वितळण्याच्या तापमानाची.’ फरक मोठा आहेच: ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, स्टील साधारण १५०० ला. पण दोन्ही वितळवून एकत्र केले की खरं दुखणं सुरू होतं. घन ॲल्युमिनियममध्ये लोखंड जवळजवळ विरघळत नाही. त्याऐवजी दोन्ही धातूंची कडक, ठिसूळ संयुगं तयार होतात. त्यांचा थर साधारण १० मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या) पुढे गेला की जोड भरवशाचा राहत नाही. शिवाय थंड होताना ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट आकसतं, आणि तडा नेमका त्याच थरात जातो.

‘४०४३ ने काम होतं.’ अर्धं खरं. त्यातलं ५ टक्के सिलिकॉन थराची वाढ मंदावतं, थांबवत नाही. उपयोग होतो तो स्टील न वितळवता: गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेला) पत्रा, लॅप जॉइंट (एकावर एक ठेवलेल्या कडांचा जोड), कमी उष्णतेचं मिग (तार आपोआप पुढे सरकणारं आर्क वेल्डिंग), आर्क ॲल्युमिनियमच्या बाजूला. स्टीलच्या बाजूने हे खरं तर ब्रेझिंग, म्हणजे धातू न वितळवता नुसत्या वितळलेल्या फिलरने जोडणं. जस्त ९०७ अंशांना उकळतं, म्हणून आर्क पत्र्यावर रेंगाळला की ब्लोहोल (वाफेने पडलेली भोकं) आणि धूर. मॅग्नेशियमवालं ५३५६ फिलर इथे नकोच.

‘हातोडा मारला, सुटलं नाही.’ ही कसली चाचणी? लॅपमध्ये छिन्नी घालून सोलून बघा. स्टीलवर ॲल्युमिनियम फाटून चिकटलेलं दिसलं तर ठीक. स्टीलचा पृष्ठभाग स्वच्छ उघडा पडला तर जोड ठिसूळ थरातूनच सुटलाय.

‘मग जोडताच येत नाही.’ क्लिपखालचं हे उलट टोकही चूक. फ्रिक्शन वेल्डिंगमध्ये (घर्षणाने तापवून, दाबून जोडणं) धातू वितळतच नाही. त्याच्याच फ्रिक्शन स्टर प्रकारात सांध्यात फिरणारी पिन ॲल्युमिनियमच्या बाजूला सरकवून स्टीलला जेमतेम घासत नेतात. जहाजांत स्टीलच्या डेकवर ॲल्युमिनियमचा वरचा सांगाडा बसवताना स्फोटाच्या दाबाने ॲल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना जोडून बनवलेली पट्टी मध्ये घालतात. मग प्रत्येक बाजूला सजातीय (ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियम, स्टीलला स्टील), नेहमीचंच वेल्डिंग. आधी ॲल्युमिनियमची बाजू करा, म्हणजे स्टीलच्या वेळची उष्णता ओढून घ्यायला मोठा जॉब मिळतो. पट्टीतला सांधा ३०० अंशांच्या खाली ठेवा, रन (वेल्डच्या एकेका फेऱ्या) छोटे घ्या. शेवटी सांध्याची उघडी कड रंगाने नीट झाका. खारं पाणी लागलं की आधी ॲल्युमिनियम खाल्लं जातं.