बॉम्ब वेगळा आणि माणसं वेगळी, असं कसं ओ?

आज सकाळी पार्क मैदानावर फिरून झालं, चहाला थांबलो, तिथं उत्तर कोरियाच्या अणुबॉम्बचा विषय निघाला. आमच्यातले एक अण्णा म्हणाले, "बॉम्बचं बोलताना ते मानवाधिकार कशाला मध्ये घुसडता? तो त्यांच्या घरचा मामला." बाकीच्यांनी माना डोलावल्या. डोकं तापलं की मला तोंडानं बोलता येत नाही, म्हणून इथं लिहितोय.

घरचा मामला?? सोलापूरकरानं हे म्हणावं? 1930 मध्ये इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल लावला, गांधी टोपी घालायचीसुद्धा चोरी, त्या दिवसांचं माझी आजी सांगायची. तिच्या वडलांनी गांधी टोपी कणगीत ज्वारीखाली पुरून ठेवलेली, आणि गल्लीत बुटांचा आवाज आला की तिची आई उगाच कणगीपाशी जाऊन ज्वारी सारखी करत बसायची. एका टोपीपायी! इंग्रजांच्या लेखी तोही घरचाच मामला होता की ओ. पुढच्या जानेवारीत आपल्या सोलापूरच्या चौघांना येरवड्यात फासावर चढवलं.

जे सरकार टोपीला भितं त्याच्या हातात बॉम्ब असला तर "हे काय चाललंय" असं त्याला विचारणार कोण? रशियात साखारोवनं विचारलं. हायड्रोजन बॉम्ब बनवणाऱ्यांतला सगळ्यात मोठा माणूस, 1975 चं शांततेचं नोबेल मिळालेला, त्याला 1980 मध्ये उचलून गॉर्की शहरात नेऊन डांबला. त्याची ही गत, मग तेव्हा त्यांच्याच राज्यात असलेल्या कझाकस्तानात सेमिपलातिन्स्कच्या खेड्यांतल्या लोकांना कोण विचारतो? 1949 ते 1989, त्यांच्या शेजारी 456 अणुचाचण्या झाल्या आणि काय होतंय ते त्यांना कुणी धड सांगितलंसुद्धा नाही. आजी म्हणायची भीती परवडली, पण कुणापाशी बोलायची सोय नव्हती ते फार वाईट. उत्तर कोरियातल्या छळछावण्यांवर संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाचा अहवाल 2014 लाच आलाय, पण आपण चहा पीत काय बोलणार, तर क्षेपणास्त्राची रेंज किती!

हो, हिरोशिमावर बॉम्ब टाकला तो लोकशाही देशानंच, मान्य. मानवाधिकाराचं नाव घेऊन दुसऱ्यावर चढाई करणारेही आहेत, तेही मान्य. मग त्यांचाही हिशोब काढा ना! 1 मार्च 1954 ला अमेरिकेनं पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बचा स्फोट केला, राँगेलाप बेटावर पांढरी राख पडली, पोरं त्या राखेत खेळली, आणि लोकांना हलवलं दोन दिवसांनी. फ्रान्सनं 1960 मध्ये पहिली चाचणी केली ती अल्जेरियाच्या वाळवंटात, पॅरिसजवळ नाही. ज्याला विचारावं लागत नाही त्याच्याच दारात हे सगळं होतं, मग दोन विषय वेगळे कसे?

अण्णा, तुमच्यावर राग नाही. तुमचे आजोबा पण त्याच काळात गिरणीत होते, टोपी लपवायची पाळी त्यांच्यावरही आली असेल, म्हणून तुमच्या तोंडून ते ऐकून जास्त लागलं एवढंच.

आणि शेजारी दोन-दोन अण्वस्त्रवाले असताना आपण आपला बॉम्ब टाकून द्यावा असं मी म्हणत नाही. पण झारखंडात जादूगोड्याला, आपल्या युरेनियमच्या खाणींशेजारी राहणारे आदिवासी वर्षानुवर्षं आजारपणाच्या तक्रारी करताहेत. त्यांचं नुसतं नाव काढलं तरी देशद्रोही म्हणता. त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं तर आपला बॉम्ब काय फुसका होणार आहे का?