चूक टांकसाळीचीच हवी

ज्या गोष्टीसाठी मी जन्मभर बोलणी खाल्ली, तिला अमेरिकेत लोक रोख पैसे मोजतात, हे मला न्यू जर्सीत पन्नाशी उलटल्यावर कळलं. ती गोष्ट म्हणजे चूक. फक्त ती एका सेंटच्या, लिंकनच्या चेहऱ्याच्या नाण्यावर, म्हणजे पेनीवर, झालेली हवी.

ऑफिसातल्या एकाने १९५५ च्या पेनीची गोष्ट सांगितली आणि मी कामातून गेलो. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत नाणी छापायचा ठसा घडवतानाच सरकला; त्यातून निघालेल्या नाण्यांवर साल आणि अक्षरं दोनदोनदा उमटली. अशी वीसेक हजार नाणी बाहेर पडली, त्यातली बरीच सिगारेटच्या पाकिटांतून. यंत्रात २५ सेंटचं नाणं टाकायचं, पाकीट २३ सेंटचं, म्हणून उरलेल्या दोन पेन्या पाकिटाच्या वेष्टनातच सरकवलेल्या असत. आज चांगल्या स्थितीतल्या एकेका नाण्याला हजार डॉलरच्या पुढे भाव आहे. आपल्या घराण्यात कोणी सिगारेट ओढली नाही याचं मला प्रथमच वाईट वाटलं.

शनिवारी बँकेतून २५ डॉलरला पेन्यांचं खोकं आणलं. २,५०० नाणी, वजन सहा किलोच्या वर. उचलताना पाठीत उसण भरली. मलमाचे १४ डॉलर. कोंबडी अजून दिसायची होती, मसाल्याचा खर्च सुरू झाला होता.

दहापट मोठं दाखवणारं भिंग लावून बसलो. पहिल्या तासातच पन्नासपैकी अठ्ठेचाळीस नाणी दुहेरी निघाली! बायकोने शांतपणे माझा चष्मा सरळ केला. दुहेरी दोनच उरली.

ती आणि आणखी दोन विचित्र नाणी रुमालात बांधून नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे गेलो. म्हातारा क्षणभरच बघून म्हणाला, "ठसा सैल होता, छापताना हादरला. अक्षराला ही सपाट पायरी पडलीय ना, तिला किंमत नाही. ठशातच चूक असेल तर अक्षरांचे कोपरे दुभंगलेले दिसतात."

"आणि हे वाकडं?"

"गाडीखाली आलेलं."

"हे कडेने जाड झालेलं?"

"कपडे वाळवायच्या यंत्रात अडकून महिनोन् महिने फिरलेलं. हे बघा, टांकसाळीच्या आत झाली तर चूक. बाहेर पडल्यावर जे होतं, ते नुसतं नुकसान."

जगाच्या वाळवणयंत्रात तीस वर्षं फिरून आलेल्या माणसाला हे वाक्य जरा लागतं. जाताना त्याने बजावलं, "खरं सापडलंच तर धुऊ नका. पुसूही नका."

पाचव्या खोक्यात सापडलं. १९७२ चं, काळपट. साल दुहेरी, 'लिबर्टी' दुहेरी, कोपरे स्वच्छ दुभंगलेले. १९७२ चा असा ठसा प्रसिद्धच आहे. वापरून झिजलेल्या नाण्यालाही शंभर डॉलरच्या वर मिळतात. मी चष्मा सरळ करून पाहिलं, बायकोला दाखवलं, मग नाणं वाटीत घालून ओट्यावर ठेवलं आणि निश्चिंत झोपलो.

आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती, हे मी विसरलो.

सकाळी ताम्हन, पळी, निरांजन आणि अब्राहम लिंकन एका ओळीत वाळत होते. चिंच आणि मिठाने घासलेले. लिंकन इतके लखलखीत त्यांच्या हयातीतही दिसले नसतील.

"अरे, काय कळा आली होती त्याला! परदेशातला असला म्हणून काय झालं, तांबंच ना?"

व्यापाऱ्याने भिंगातून बराच वेळ पाहिलं. "नाणं खरं आहे," तो म्हणाला. मग भिंग खाली ठेवून, जवळजवळ रडवेल्या आवाजात, "धुतलं कोणी?"

"आईने."

तो काही बोलला नाही. त्यालाही आई असणार. मग त्याने चाळीस डॉलर काढून ठेवले.

घरी येऊन ते आईच्या हातात दिले. तिने नोटा मोजल्या, देवापुढे ठेवल्या आणि म्हणाली, "बघ, तसंच कळकट नेलं असतंस तर एवढे तरी मिळाले असते का?"