'सवय होते' या आक्षेपाला उत्तर

तुमचा आक्षेप असा की, गुन्ह्याची झळ बसलेली माणसं पुढे हिंसा दिसली की जास्त हादरतात, हे मी लिहिलं ते चूक आहे; रोज मारामाऱ्या बघणारे ढिम्म हलत नाहीत, त्यांना सवय होते. तुमचं निरीक्षण खरं आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष पटत नाही.

काहींची प्रतिक्रिया बोथट होते, काहींची तीव्र. जीव स्वतःचा धोक्यात होता का, सुटायला वाट होती का, नंतर कुणी पाठीशी उभं राहिलं का, यावर बरंच ठरतं. आणि हलत नाही म्हणजे शांत आहे, असं कसं धरायचं? थिजलेल्या माणसाचा श्वास अडकलेला असतो, स्नायू ताठलेले असतात. रात्री झोप उडते तेव्हा आपण तिथे नसतो.

शरीरातला ताण मोजतानाही इथेच घोटाळा होतो. ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाच्या वेळी वाढणारी संप्रेरकं. ॲड्रेनालिन काही सेकंदांत वाढतं, पण लाळेतलं कॉर्टिसॉल ताण सुरू झाल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी शिखर गाठतं. पाचव्या मिनिटाला नमुना घेतला तर 'काहीच फरक नाही' असंच दिसणार. शिवाय सकाळी ते मुळातच चढं असतं. एकाचं सकाळी आणि दुसऱ्याचं दुपारी मोजून तुलना केली तर ती फुकट. पीटीएसडी (आघातानंतर मागे राहणारा ताणाचा विकार) असलेल्या काहींमध्ये तर कॉर्टिसॉल कमी आणि दचकणं जास्त, असं एकाच वेळी आढळतं. त्यामुळे एका आकड्यावरून कुणाला निर्ढावलेला ठरवू नये.

'हाणामारीचे व्हिडिओ दाखवा, घट्ट होतील' या सल्ल्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. भीतीला सामोरं नेणारी उपचारपद्धती आहे, पण ती प्रशिक्षित थेरपिस्टकडे, त्या माणसाच्या संमतीने चालते. साधारण ८ ते १५ सत्रं, बहुधा प्रत्येकी ९० मिनिटांची. नको ते घडत नाही हे अनुभवायला मिळेपर्यंत तिथे थांबता येतं. घरी व्हिडिओ लावला की भीती ऐन टोकाला असताना तो बंद केला जातो, आणि 'पळालो म्हणून वाचलो' हेच मनात पक्कं होतं.

घटनेनंतरच्या पहिल्या महिन्यात बरेच जण आपोआप सावरतात. त्या काळात घटना खोदून खोदून विचारू नका, बेंझोडायझेपिन गटातल्या (चिंता दाबणाऱ्या, झोप आणणाऱ्या) गोळ्या स्वतःहून देऊ नका. महिना उलटूनही दुःस्वप्नं, घटनेची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणं, सतत सावध राहणं चालूच असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

आणि अशा माणसासमोर प्रत्यक्ष काही घडलं तर त्याला विचारल्याशिवाय हात लावू नका, दार दिसेल असं बसवा, श्वास सावकाश सोडायला सांगा. 'तुला काय, सवयच आहे' हे वाक्य तर कृपा करून बोलू नका.