डिलीट, पुसणे आणि खोडणे : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

कोपरखैरण्याहून तुम्ही पाठवलेली प्रतिक्रिया मुद्देसूद आहे, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस. तुमचं म्हणणं असं की 'डिलीट'ला मराठीत 'पुसणे' पुरेसा आहे, 'खोडणे', 'वगळणे' हा उगाच फापटपसारा. सोसायटीच्या ठरावात 'यादीतून नाव पुसावे' लिहिलं तर काय बिघडलं, असंही विचारलंत. शिवाय 'डी' म्हणजे नको आणि 'लेट' म्हणजे राहू देणे, अशी फोड केलीत आणि 'डेलिटीरियस' म्हणजे घातक हा शब्दही त्याच घरातला ठरवलात.

आधी फोड. इंग्रजी 'लेट'चा इथे काही संबंध नाही. शब्द लॅटिन 'डेलेरे'वरून आला. अर्थ नष्ट करणे, पुसून टाकणे. त्याच्या मागे 'डेलिनेरे' असावं असं मानतात : 'डे' म्हणजे वरून, दूर; 'लिनेरे' म्हणजे लेपणे, फासणे. रोमन लोक मेणाच्या पाटीवर टोकदार लेखणीने लिहीत आणि तिच्या चपट्या टोकाने मेण सारखं करून अक्षर घालवत. म्हणजे मूळ चित्र तुमच्या 'पुसणे'जवळचंच, हे कबूल. पण रोमचं शत्रुशहर कार्थेज नष्ट केलंच पाहिजे, असा धोशा रोमन पुढारी केटोने लावला होता तोही याच क्रियापदाने, आणि शहर काही फडक्याने पुसत नाहीत. 'डेलिटीरियस' मात्र ग्रीकमधून आलेला, दिसायला सारखा, नात्याने परका. खरा भाऊबंद 'इनडेलिबल', म्हणजे न पुसली जाणारी. मतदानाच्या दिवशी बोटाला लागणारी म्हैसूरची शाई ती.

आता वापर. इंग्रजीत डिलीट होतं ते बहुधा मजकुरातलं, नोंदीतलं किंवा यादीतलं. फळा डिलीट करत नाहीत, तिथे 'इरेज'. त्याचं मूळ खरवडण्यात आहे. मराठीत क्रियापद निवडताना मागे काय उरतं ते पाहावं. पुसलं की खूण राहत नाही. खोडलं की रेघेखाली जुनं दिसतं. वगळलं की यादीतून नाव जातं, माणूस आणि कागद जागेवर असतात. म्हणून मतदारयादीतलं नाव कमी करण्याचा नमुना 7 'वगळण्या'चा असतो. (ठाण्याहून ऐरोलीला राहायला गेलात तर मात्र नमुना 8 भरायचा, तो स्थलांतराचा.)

तुमच्या ठरावातही हाच फरक आडवा येतो. इतिवृत्ताच्या वहीत काही 'पुसलं' म्हणजे व्हाइटनर लावला, आणि तशी नोंद पुढे कुणी उकरली तर संशय पक्का. चूक झाली असेल तर एकच सरळ रेघ मारावी, खालचा शब्द वाचता यावा, वर दुरुस्ती लिहून बाजूला सही नि तारीख. गिचमिड रेघोट्या नकोत. ठरावाची भाषा 'नाव वगळण्यात यावे' अशीच हवी. 'पुसण्यात यावे' वाचून जुन्या यादीवरच हात चालवणारा उत्साही सचिव प्रत्येक सोसायटीत एखादा असतोच.

मुद्रितशोधनातही रेघच. नको असलेल्या अक्षरावर काट आणि समासात शेपटीची खूण. तिचं नाव 'डेले', म्हणजे लॅटिनमध्ये 'काढ'. काट चुकून मारली तर शब्दाखाली ठिपके देऊन समासात 'स्टेट' लिहितात, म्हणजे राहू द्या.

डिलीट हा कॉम्प्युटरने आणलेला शब्द, असंही तुम्ही जाता जाता म्हटलंय. तो इंग्रजीत पंधराव्या शतकापासून आहे. कॉम्प्युटरने आणली ती कळ, आणि तिची गंमत निराळीच. कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या आस्की संकेतात डिलीटचा क्रमांक 127, म्हणजे 0 किंवा 1 असणारे सातही बिट 1. कागदी पट्टीवर भोकं पाडून मजकूर साठवत, तेव्हा पडलेलं भोक बुजवता येत नसे. मग चुकलेल्या अक्षरावर सातही भोकं पाडायची आणि यंत्राने ते ओलांडून पुढे जायचं. तीही खाडाखोडच, पुसणं नव्हे.

देवनागरी टाइप करताना तर दोन कळांतच फरक दिसतो. युनिकोडमध्ये 'की' लिहून बॅकस्पेस दाबलंत तर बहुतेक ठिकाणी फक्त वेलांटी जाते, 'क' उरतो. कर्सर 'की'च्या आधी ठेवून डिलीट दाबलंत तर दोन्ही एकदम जातात. जोडाक्षरांत सॉफ्टवेअरनुसार वागणं बदलतं. 'लक्ष्मी'तला 'क्ष्मी' कुठे सबंध उडतो, कुठे तुकड्यातुकड्याने. तेव्हा नुसती मात्रा चुकली असेल तर मागून बॅकस्पेसच वापरा, अक्षर वाचेल.