उशीर दवाखान्यातही होतो
बाळंतपणानंतर रक्तस्राव झाला की नातेवाईक उशिरा आणतात म्हणून बाळंतिणीचा जीव धोक्यात येतो, असं तुमच्या लेखात सरळ लिहून टाकलंय. जतकडच्या वाडीवस्तीवरून सांगली-मिरज गाठायला वेळ लागतो, हे खरंच आहे. पण माझी भावजय कळा सुरू झाल्यावर तासाभरात दवाखान्यात होती. उशीर झाला तो तिथे, बाळंत झाल्यावर टेबलावरून खाटेवर आणल्यानंतर. आईने दोनदा जाऊन सांगितलं, "पोरीच्या अंगावरून लई जातंय, हातपाय गार पडलेत." उत्तर मिळालं, "बाळंतपणात एवढं जातंच, मावशी." तेवढ्यात ड्यूटी बदलली. नव्या सिस्टरने पांघरूण बाजूला केलं तेव्हा गादी भिजली होती. रक्ताच्या तीन पिशव्या चढवल्या, तेव्हा वाचली.

रक्त किती गेलं हे नजरेने ठरवतात, तिथेच घात होतो. 500 मिलिलिटरच्या पुढे गेलं की धोका, आणि नजरेचा अंदाज बऱ्याचदा कमीच भरतो. यावर उपाय आहे: रक्त साठून मोजता येईल अशी मोजखुणांची प्लास्टिकची पिशवी बाळंतिणीखाली लावायची आणि जास्त रक्त दिसताच गर्भाशय चोळणं, गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिन, रक्त थांबवायला मदत करणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, सलाईन, तपासणी हे सगळं एकदमच सुरू करायचं. आफ्रिकेतल्या चार देशांतल्या 80 रुग्णालयांत हे करून पाहिलं. 2023 मध्ये निष्कर्ष आले: गंभीर रक्तस्राव आणि त्यातून होणाऱ्या शस्त्रक्रिया, मृत्यू मिळून 60 टक्क्यांनी घटले. इतक्या मोठ्या लेखात या पिशवीबद्दल एक ओळही नसावी? आपल्या तालुक्याच्या किती प्रसूतिगृहांत ती आहे, एवढं तरी विचारून लिहा.