गिनीपिगच्या मुतखड्यावर ‘बिनपैशाचा इलाज’: एकेक मुद्दा तपासून पाहू

प्राणी पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. त्याचं सार असं: गिनीपिगची लघवी पांढरी दिसली की खडा झाला समजा, लाल दिसली तर लहान मुलांचं अमॉक्सिसिलिन सिरप द्या, कुळथाचं पाणी आणि पानफुटीचं पान दिलं की खडा विरघळतो, कॅल्शियम असलेलं सगळं बंद करा, आणि डॉक्टरकडे जाऊच नका, ते एक्स-रे काढून लुटतात. शेवटी ‘ज्यांना खर्च परवडत नाही त्यांच्यासाठी पुढे पाठवा’. नेमकं ज्यांना खर्च परवडत नाही, त्यांनाच हा सल्ला सगळ्यात महागात पडेल.

पांढऱ्या लघवीला घाबरून निम्मे लोक उगाच धावपळ करतात. गिनीपिगचं आतडं खाण्यातलं कॅल्शियम भरपूर शोषून घेतं आणि जादा झालेलं मूत्रपिंडं लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यामुळे धडधाकट गिनीपिगची लघवीही गढूळ असते आणि वाळल्यावर पांढरट डाग राहतो. डाग बोटाने चोळून बघा. मऊ भुकटी झाली तर चिंता नको. रांगोळीसारखं खरखरीत लागलं, किंवा लघवी घट्ट लगद्यासारखी येऊ लागली, तर मात्र तपासायला हवं.

आता लाल लघवी. या फॉरवर्डमधलं सर्वांत घातक वाक्य इथे आहे. गिनीपिगला अमॉक्सिसिलिन तोंडावाटे देऊ नये. पेनिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन हीही त्याच यादीत. गिनीपिग गवत पचवतो तो आतड्यातल्या जीवाणूंच्या जोरावर. ही औषधं त्यांतले उपयोगी जीवाणू मारतात, मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडियम जातीचे जीवाणू माजतात, त्यांचं विष रक्तात भिनतं आणि जनावर काही दिवसांत दगावतं. मग घरचे म्हणतात, ‘बिचाऱ्याला मुतखड्याने नेलं.’ जंतुसंसर्ग असेल तर गिनीपिगला चालणारी अँटिबायोटिक्स आहेत, उदाहरणार्थ एन्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा, पण वजन करून मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. घरात मुलांसाठी आणलेलं पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनही नको.

शिवाय लाल म्हणजे रक्तच, असंही नाही. लघवीतल्या नैसर्गिक रंगद्रव्यांमुळे ती हवेत राहून तांबूस-तपकिरी होते. आदल्या दिवशी बीट खाल्लं असेल तर विचारूच नका. मेडिकलमध्ये लघवी तपासायच्या पट्ट्या मिळतात. ताजी लघवी स्वच्छ फरशीवर पडली की पट्टी बुडवा. पट्टीने रक्त दाखवलं तर पुढचं पाऊल उचला. (पट्टीवर पीएच, म्हणजे लघवी आम्ल की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, ८-९ आला तर दचकू नका, गवत खाणाऱ्याचा तसाच असतो.) आणि मादी असेल, विशेषतः वयाने मोठी, तर रक्त मूत्राशयातून न येता गर्भाशयातूनही येत असतं. तिथे मुतखड्याचा कुठलाच इलाज कामाचा नाही.

कुळीथ आणि पानफुटी. आपल्याकडे घराघरांत मुतखड्यावर हेच सांगतात, म्हणून लोकांना पटतं. पण माणसाचे खडे बहुतेक वेळा कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात, गिनीपिगचे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे. ते खाण्यापिण्याने किंवा औषधाने विरघळत नाहीत. ‘कार्बोनेट आम्लात विरघळतं, मग लिंबू पाजा’ असाही एक शहाणपणा ऐकू येतो. लिंबातलं सायट्रेट शरीरात गेल्यावर लघवी उलट अल्कधर्मी करतं. पानफुटीचं तर नावच काढू नका: त्या कुळातल्या वनस्पतींमध्ये हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात, आणि त्या खाऊन गुरांना विषबाधा होते हे माहीत असलेलं आहे. एक किलोच्या आसपासच्या प्राण्यावर हा प्रयोग कशाला?

कॅल्शियम बंद करण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे. लसूणघास (अल्फाल्फा) हा चारा आणि त्याच्या खाद्याच्या गोळ्या मोठ्या गिनीपिगला बंद कराव्यात. वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला त्या चालतात. शेवग्याचा पाला, राजगिरा, पालक टाळा. पण कॅल्शियमच्या भीतीने पालेभाजी बंद करून नुसत्या कोरड्या खाद्याच्या गोळ्यांवर ठेवलं तर लघवी आणखी घट्ट होते. पोटात पाणी जायला हवं. औषध न मारलेल्या जागेवरची हरळी धुऊन ओलीच द्या, काकडी द्या, आणि वाळलेलं गवत कायम समोर असू द्या. ‘क’ जीवनसत्त्व गिनीपिगच्या शरीरात तयार होत नाही. रोज किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. ढोबळी मिरचीच्या फोडीने ते स्वस्तात भागतं. पाण्यात टाकायचे थेंब लवकर निकामी होतात, तो पैसा वाया.

राहिला ‘लुटतात’चा आरोप. बिलं जड असतात, नाकारत नाही. पण कॅल्शियमचा खडा साध्या एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसतो, म्हणून हाताशी थोडेच पैसे असतील तर पहिला खर्च यावरच करावा. खडा कुठे आहे आणि केवढा आहे यावर पुढचं सगळं ठरतं. मादीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असल्याने बारीक खडा पुष्कळदा आपोआप पडतो, किंवा तोंडाशी अडकलेला भूल देऊन काढता येतो. नराची लघवीच तुंबली असेल तर तास मोजायचे असतात. खाणं सोडलं तर नर असो वा मादी, उद्यावर ढकलू नका. शस्त्रक्रिया करूनही खडे पुन्हा होतात, हे डॉक्टरांनी न सांगितल्यास तुम्ही विचारा. ‘माझ्याकडे इतकेच पैसे आहेत’ हे तपासणीआधी सांगायला लाजू नका. शस्त्रक्रिया झेपणार नसेल आणि वेदना थांबत नसतील तर दयामरणाचं बोलणं काढण्यात क्रूरपणा नाही. कुळथाचं पाणी पाजत आठवडाभर त्याला कण्हत ठेवणं जास्त क्रूर.

परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यांचे दवाखाने सहसा खाजगीपेक्षा स्वस्त पडतात. परळला बैलघोडा हॉस्पिटल हा जनावरांचा दवाखानाही आहे. निघण्याआधी फोन करून गिनीपिग बघतात का ते विचारा, आणि त्याच फोनवर ‘अमॉक्सिसिलिन सिरप चालेल का?’ हेही विचारा. ‘हो, चालेल’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे फोन लावा.